अंगावरची बाकी

स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४-९५ सालच्या हिशेबात एक लहानशी नोंद आहे. जॉन कॉर नावाच्या ख्रिस्ती भिक्षूस जीवनजल (ऊर्ध्वपातित मद्य) करण्यासाठी आठ बोल माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, दिल्याचे तीत लिहिले आहे. 'बोल' हे धान्य मोजण्याचे तिकडील जुने माप. ही ओळ व्हिस्कीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या धंद्याची जन्मपत्रिका म्हणून इतकी मिरवली आहे, की मूळ कागद हिशेबाचा आहे याचाच लोकांस विसर पडावा. मला मात्र तिच्यातील दुसरेच शब्द मोलाचे वाटतात. हा माल आपण राजाज्ञेने, कंट्रोलर नावाच्या राजकोषाच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावरून दिला, असे हिशेब देणारा अधिकारी सांगतो, आणि लिहिणारा कारकून त्यालगत 'असे याचे म्हणणे' एवढी पुस्ती जोडतो. हुकुमाचा लेखी कागद त्या वेळी समोर आला नसावा. आणि राजाच्या नावाने दिलेले आठ बोल जव असले, तरी कागदावाचून त्यांची जबाबदारी आपल्या शिरी घेण्यास तो कारकून तयार नव्हता.

या दफ्तराची सारी प्रकृतीच या पुस्तीत उतरली आहे. राजकोषाच्या कचेरीस 'एक्सचेकर' हे नाव पडले ते मेजावर अंथरलेल्या चौकटीच्या वस्त्रावरून. आकडे रोमन लिपीतले, आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे केवळ शिक्षा. म्हणून त्या पटावर सोंगट्या सरकवून हिशेब होई आणि निघालेली रक्कम लॅटिन भाषेत चर्मपत्रावर चढे. प्रांतोप्रांतीचे शेरीफ, नगरांचे कारभारी, लोकर, मेंढ्यांची कातडी आणि चामडे यांवरची निर्गत जकात वसूल करणारे जकातदार, सगळ्यांस हिशेब समजावून देण्यासाठी तेथे हजर व्हावे लागे. पद्धत अशी, की वसूल झालेले नव्हे तर वसूल व्हावयाचे सगळे येणे आरंभीच त्या अधिकाऱ्याच्या अंगावर टाकायचे, आणि मग त्याने एकेक खर्च, एकेक सूट, एकेक हुकूम दाखवून ते ओझे उतरवीत जायचे. शेवटी उरेल ती अंगावरची बाकी. काहीच उरले नाही तर फारखत. नफा किती झाला, राज्याची सांपत्तिक स्थिती काय, हे प्रश्न त्या मेजावर कोणी विचारीत नसे. म्हणून या हिशेबांस जमाखर्च म्हणण्यापेक्षा कैफियत म्हणणेच अधिक यथार्थ होईल. मान सोडवून घेण्यासाठी माणूस जेवढा तपशील देतो, तेवढा तो कीर्तीसाठी देत नाही.

कधी कधी प्रकार उलटा होई. १४२४ मध्ये इंग्लंडच्या कैदेतून सुटून आलेल्या पहिल्या जेम्सने चेंबरलेन या अधिकाऱ्याच्या हाती एकवटलेला पैशाचा कारभार दुभागला. राजाच्या जमिनी आणि जकात यांचे नेमस्त उत्पन्न कंट्रोलरकडे गेले, आणि नजराणे, दंड यांसारखी अवचित येणारी रक्कम ट्रेझररकडे. राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा भार कंट्रोलरवर, आणि मुदपाकखान्यास उत्पन्नाची मर्यादा समजत नसल्यामुळे त्यास पुष्कळदा पदरचे पैसे घालावे लागत. मग हिशेबाअंती बाकीऐवजी फाजील निघे, राजाच चाकराचा ऋणको ठरे, आणि असा ऋणको पैसे केव्हा देतो हे सांगण्याची गरज नाही.

ट्रेझररचे हिशेब १४७३ पासूनचे हाती लागतात. कंट्रोलरचे आकडे रुक्ष, तर या वह्यांत राजा घरच्या कपड्यांत वावरताना दिसतो. चौथ्या जेम्सला शस्त्रवैद्यकाचा नाद होता. एडिंबऱ्याच्या न्हावी-शस्त्रवैद्यांच्या मंडळास १५०६ मध्ये सनद दिली ती त्यानेच. पण त्या नादाची खरी साक्ष सनदेत नाही. एका न्हाव्याचे दोन दात राजाने स्वहस्ते उपटले, त्याबद्दल त्या न्हाव्यास चौदा शिलिंग दिल्याची नोंद १५११ च्या सुमाराच्या वहीत आहे. दात काढून घेणाऱ्यासच मेहनताना! ट्रेझररने तो कोणत्या सदरी टाकावा म्हणून क्षणभर विचार केला असेल, पण टाकला खरा. टाकला नसता तर ते चौदा शिलिंग त्याच्या अंगावर राहिले असते. जॉन डेमियन नावाचा एक इटालियन किमयागार त्याच राजाने पदरी ठेवला होता. १५०७ मध्ये पंख बांधून त्याने स्टर्लिंगच्या किल्ल्यावरून उडी घेतली आणि तो खाली पडला, अशी कथा बिशप लेस्लीने पुढे सत्तर वर्षांनी आपल्या इतिहासात रंगवून सांगितली. किमयेसाठी लागलेला पारा, जीवनजल आणि राजाबरोबर खेळलेल्या पत्त्यांचे पैसे मात्र जागच्या जागी लिहिले गेले. कथेची लज्जत लेस्लीकडे, आणि विश्वास टाकावा अशी जागा वहीत.

एवढे कागद शिल्लक आहेत हेच नवल. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड दफ्तर उचलून घेऊन गेला. १२६४ च्या सुमाराच्या हिशेबाच्या गुंडाळ्या आज आपणांस ठाऊक आहेत त्या हॅडिंग्टनच्या अर्लने सतराव्या शतकात करवून घेतलेल्या उताऱ्यांमुळे. मूळ कागद नाहीसे झाले. १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने स्टर्लिंगचा किल्ला घेऊन दफ्तर लंडनला हलवले, आणि १६६० मध्ये ते परत येत असता वादळात सापडल्यामुळे पंच्याऐंशी पिंपे 'एलिझाबेथ' नावाच्या दुसऱ्या जहाजावर चढवावी लागली. ते जहाज नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यावर बुडाले. पुढे १७७४ मध्ये रॉबर्ट ॲडम याच्या आराखड्याप्रमाणे एडिंबऱ्यात रजिस्टर हाउसचा पाया घातला गेला, तो जॅकोबाइट बंडखोरांच्या जप्त जहागिरींतून मिळालेल्या १२,००० पौंडांवर. पैसे संपले, वर्षानुवर्षे ती इमारत छपराविना उभी राहिली, आणि लोक तिला युरोपातला सर्वांत महागडा कबुतरखाना म्हणू लागले. आमच्या पेशवे दफ्तराच्या रुमालांचे हाल आठवले म्हणजे वाटते, त्यांची कबुतरे तरी सुखी होती. साताऱ्याचे कागद चाळून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा त्याच मुलखातल्या बॅन्फ गावचा. जुन्या बाडांचा त्याचा सोस वाडवडिलांच्या भूमीतून आला होता की नाही, कोण जाणे.

सतराव्या शतकाच्या शेवटी राजाऐवजी रयत दफ्तरात शिरते. १६९१ पासून चुलीवर कर बसला, दर चुलीस चौदा स्कॉटिश शिलिंग. त्यापाठोपाठ डोईपट्टी आली, आणि चाकरीतल्या पोरींची नावेही यादीत चढली, ज्यांची एरवी कोणी दखल घेतली नसती.

पण खऱ्या अर्थाने सगळा देश जिच्या पानांवर सही करून गेला, ती वही डॅरियनची. पनामाच्या संयोगभूमीवर डॅरियन येथे वसाहत काढून दोन्ही महासागरांचा व्यापार हाती घेण्यासाठी निघालेल्या 'कंपनी ऑफ स्कॉटलंड'चे भागभांडवल ४,००,००० पौंड ठरले, आणि २६ फेब्रुवारी १६९६ रोजी एडिंबऱ्यात वही उघडली. पहिली सही हॅमिल्टनच्या डचेसची, ३,००० पौंडांची. खाली सरदार, वकील, वैद्य, व्यापारी, आणि शंभर पौंड जमा करण्यासाठी एकत्र आलेली माणसे. ऑगस्टच्या आरंभी आकडा पुरा झाला. १६९८ मध्ये पाच जहाजे निघाली, पाठोपाठ दुसरी तुकडी गेली, ताप, उपासमार आणि स्पॅनिश वेढा यांनी तो प्रयोग १७०० मध्ये संपवला. हिशेबाच्या वह्या मात्र उरल्या. आज त्यांतील काही एडिंबऱ्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि काही रॉयल बँकेच्या दफ्तरात आहेत.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या १७०७ च्या विलीनीकरणाच्या करारात पंधरावे कलम याच वह्यांवर उभे राहिले. इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जाचा भार स्कॉटलंडने उचलण्याच्या बदल्यात ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग देण्याचे ठरले, आणि त्यांतून डॅरियनच्या भागधारकांस मुद्दल शेकडा पाच व्याजासह परत मिळाले. एडिंबऱ्यात आलेल्या रकमेत नाणे थोडे आणि कागदी रोखे अधिक होते. ज्यांना पुढेही रोख पैसे मिळाले नाहीत आणि केवळ कर्जरोखे हाती आले, त्यांनी एकत्र येऊन मंडळ काढले, आणि १७२७ मध्ये त्या मंडळास सनद मिळून रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी या बँकेने विल्यम हॉग नावाच्या एका व्यापाऱ्यास त्याच्या ठेवीपेक्षा हजार पौंडांपर्यंत अधिक रक्कम उचलण्याची मुभा दिली. कंट्रोलरच्या हिशेबात जे फाजील निघाले की त्याच्या पोटात गोळा येई, तेच आता वहीत आगाऊ, राजीखुशीने लिहिले गेले.