कृष्णाकाठची सांगली : फुटांच्या हिशेबात जगणारे शहर

जुलैचा पाऊस लागला की सांगलीत एकमेकांना भेटणारी माणसे क्षेमकुशलाच्या आधी एक प्रश्न विचारतात : ‘पाणी किती फुटांवर?’ दूध घालायला येणारा गवळी हेच विचारतो, सराफकट्ट्यावरचा व्यापारीही हेच विचारतो आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत राहणारा मुलगा घरी दूरध्वनी करतो तेव्हा त्याचाही पहिला प्रश्न हाच असतो. कोणते पाणी आणि कुठले फूट, हे सांगावे लागत नाही. पाणी कृष्णेचे आणि फूट आयर्विन पुलाजवळचे. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे सांगलीकरांना लहानपणापासून पाठ असतात.

ज्या नदीने हे शहर वसवले, पोसले आणि नावारूपाला आणले, तिच्याच पाण्याची धास्ती घेऊन शहराला दरवर्षी पावसाळा काढावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी सांगलीपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा केला. शहर कोठे संपते आणि नदी कोठे सुरू होते?

सहा गल्ल्यांचे गाव

सांगली हे नाव ‘सहा गल्ल्या’ या शब्दांवरून पडले, असे सर्रास सांगितले जाते. नदीच्या संगमाशी या नावाचा संबंध जोडणारेही आहेत. व्युत्पत्ती कोणतीही मानली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे कृष्णेच्या काठावरचे लहानसे गाव होते आणि या परिसरातील मोठे ठाणे होते ते मिरज.

हे चित्र १८०१ मध्ये बदलले. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात वाटणीचा वाद झाला आणि चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी मिरज सोडून सांगलीत आपली वेगळी गादी स्थापन केली. गणेशदुर्ग हा भुईकोट किल्ला आणि कृष्णाकाठचे गणपती मंदिर यांच्याभोवती नव्या राजधानीची वस्ती वाढत गेली. गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रस्ता ही जुन्या बाजारपेठेची नावे आजही शहराच्या व्यवहाराची नावे आहेत. संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी वाजतगाजत सरकारी घाटावर विसर्जनाला निघतो तेव्हा राजधानी आणि नदी यांचे जुने नाते पुन्हा रस्त्यावर दिसते.

याच चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला साजरा होतो तो याच घटनेमुळे आणि सांगली स्वतःला ‘नाट्यपंढरी’ म्हणवून घेते तीही याच अभिमानाने. ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल जवळच्या हरिपूरचे, तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. कृष्णाकाठच्या या लहानशा पट्ट्याने मराठी रंगभूमीला दिलेले देणे मोठे आहे.

संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली जिल्हा असे झाले. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका स्थापन झाली. ज्या मिरजेपासून फुटून सांगली वेगळी झाली होती, तीच मिरज जवळपास दोनशे वर्षांनी एका कारभाराखाली सांगलीशी पुन्हा जोडली गेली.

पाणी येते कोठून?

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही. शहरात ऊन पडलेले असतानाही पाणी चढत राहते, याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेल्या कृष्णेला कऱ्हाडला कोयना मिळते. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसीच्या घरात आहे. धरण भरत आले आणि पाणलोटात पाऊस थांबेना, की दरवाजे उचलावे लागतात. म्हणूनच सांगलीचा माणूस आपल्या गावच्या पावसापेक्षा कोयनेच्या विसर्गाची बातमी आधी वाचतो.

त्यात भर पडते ती वारणेची. सांगलीला खेटून असलेल्या हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. संगमावर संगमेश्वराचे मंदिर आहे आणि श्रावणातील सोमवारी तेथे भाविकांची गर्दी होते. वारणेलाही पूर असेल तर संगमापाशी कृष्णेचे पाणी पुढे सरकायला जागा उरत नाही. पाणी तुंबते आणि फुगवटा शहराकडे येतो. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येऊन मिळते. थोड्या अंतरात तीन नद्यांचे पाणी, सपाट मुलूख आणि वळणावळणाने जाणारे पात्र यांमुळे येथे पाणी चढते तसेच लवकर उतरत नाही. सांगलीच्या पुराचे खरे दुखणे हेच आहे. पाणी एका रात्रीत येऊन निघून जात नाही. ते घरात मुक्कामाला येते.

पूल झाला आणि मोजपट्टीही

सांगली आणि पलीकडची सांगलीवाडी यांना जोडणारा आयर्विन पूल १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला देण्यात आले. संस्थाने गेली, इंग्रज गेले, तरी पुलाचे नाव लोकांच्या तोंडी तेच राहिले. या पुलामुळे इस्लामपूर आणि पुणे-बंगळूर महामार्गाकडे जाणारी वाट पावसाळ्यातही सुरू राहू लागली.

पुलाचा दुसरा उपयोग शहराने स्वतःच ठरवला. तो सांगलीची मोजपट्टी झाला. पाणी चढू लागले की लोक सहकुटुंब ते पाहायला येतात. तितक्या फुटांना कोणत्या भागात पाणी शिरते, याचे कोष्टक जुन्या रहिवाशांच्या डोक्यात पक्के असते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता हे भाग सुरुवातीलाच पाण्याखाली जातात. तेथील कुटुंबे आकडा पाहून गॅसची शेगडी, धान्याचे डबे आणि मुलांची दप्तरे माळ्यावर चढवतात आणि पुढचा आकडा ऐकून घर सोडतात.

स्वातंत्र्यलढ्यातील एक प्रसंगही या काठाशी जोडलेला आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. पाठलाग आणि गोळीबारात दोन सहकारी हुतात्मा झाले, तर वसंतदादा गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. सहकारी साखर कारखानदारीचे अध्वर्यू आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्री झालेल्या या नेत्याची समाधीही कृष्णेच्या काठावरच आहे.

हरिपूरची पेवे

नदीने सांगलीला काय दिले आणि काय नेले, हे समजून घ्यायचे तर हरिपूरच्या पेवांची हकिगत जाणून घ्यावी लागते. सांगली ही हळदीची देशातील एक प्रमुख बाजारपेठ. येथील हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्यातील बेदाण्याला ते २०१६ मध्येच मिळाले होते. हळदीच्या या व्यापाराचा पाया एकेकाळी जमिनीखाली होता.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. तोंड अरुंद आणि आत ऐसपैस पोट. हरिपूरची माती चिकट आणि घट्ट असल्यामुळे असे पेव ढासळत नसे आणि त्यात ओलही उतरत नसे. पेवाच्या तळाला व भिंतींना पाला लावून आत हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचे, अशी ही पद्धत. आत हवा नसल्याने कीड लागत नसे आणि वर्षानुवर्षे हळद टिकत असे. पेव उघडणे मात्र जोखमीचे काम होते. तोंड उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. काही वेळ जाऊ देऊन पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे, असा शिरस्ता होता. विजेवाचून आणि औषधफवारणीवाचून चालणारे हे कोठार केवळ त्या मातीच्या गुणावर उभे होते.

२००५ च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले. साठवलेली हळद गेली आणि भिजून ढासळलेली पेवेही कायमची निकामी झाली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी पक्की गोदामे आणि शीतगृहे यांचा आश्रय घेतला. हळदीचा बाजार टिकला, वाढलाही. पण पेव खणणारे, लिंपणारे आणि कंदिलाच्या ज्योतीवरून आतल्या हवेचा अंदाज बांधणारे हात बेकार झाले.

तीन महापूर

२००५ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांपलीकडे गेले. ‘इतके पाणी पुन्हा होणे नाही’ असे तेव्हा अनेकांना वाटले. नवी घरे, दुकाने बांधताना जोत्याची उंची त्या खुणेवरून ठरवली गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि तो हिशेब चुकला. बाजारपेठेतील दुकाने बुडाली आणि निम्मे शहर होडीवर आले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून महिला व मुलांसह अनेकांचा बळी गेला. सुमारे दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या सांगली नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ पाण्यात भिजून नष्ट झाले. दुकानातला माल पुन्हा भरता येतो, दुर्मीळ ग्रंथ भरता येत नाहीत.

त्यातून सावरेपर्यंत २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांवर गेले. या वेळी मात्र लोकांनी आकड्यांची वाट पाहिली नाही. व्यापाऱ्यांनी आधीच माल हलवला आणि सखल भागातील कुटुंबांनी वेळेत घरे सोडली. दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवाने शिकवलेला हा धडा होता.

दोष कोणाचा?

महापुरानंतर सांगलीत दोन गट पडतात. एका गटाचे बोट कर्नाटकातील आलमट्टी धरणाकडे असते. त्या धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतून तीव्र विरोध होत आला आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. आलमट्टी हे या पुराचे थेट कारण नसून अतिवृष्टी आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणे यांवर समितीने भर दिला. हा निष्कर्ष अनेक आंदोलकांना मान्य झाला नाही आणि वाद आजही मिटलेला नाही.

दुसऱ्या गटाचे बोट शहराकडेच वळते. सांगलीच्या परिसरात पाणी वाहून नेणाऱ्या सखल भागांना ‘ओत’ म्हणतात. नदी फुगली की जादा पाणी या ओतांत आणि नाल्यांत पसरायचे. शहर वाढले तसे ओत बुजले, प्लॉट पडले, घरे उभी राहिली. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या दरम्यान निर्बंध, असा नियम आहे. नियम कागदावर स्पष्ट आहे. प्रश्न आहे तो निळ्या रेषेच्या आत आधीच संसार थाटलेल्यांचा. स्वस्त जागा तेथेच मिळाली म्हणून लोक तेथे गेले. त्यांना हलवायचे तर कोठे आणि कोणाच्या खर्चाने, याचे उत्तर रेषा देत नाही.

धरणाचा वाद दोन राज्यांचा आहे, तो न्यायाधिकरणाच्या आणि न्यायालयाच्या दारात सुटेल. ओत मोकळे ठेवणे मात्र सांगलीच्या हातात आहे.

काठावरचे दिवस

पूर हे सांगलीचे एकमेव चित्र नव्हे. वर्षातील बहुतेक दिवस कृष्णा संथ असते. पहाटे घाटांवर पोहणाऱ्यांची हजेरी असते. मगरींचा वावर वाढल्यापासून पूर्वीसारखे लांबवर जाण्याचे धाडस कोणी सहसा करीत नाही, एवढेच. होड्यांच्या शर्यती लागल्या की दोन्ही काठ माणसांनी फुलतात. संध्याकाळी भडंगाची पुडी घेऊन पुलाकडे फिरायला जाणे ही जुन्या सांगलीकरांची ठरलेली करमणूक. त्याच काठावर शेरीनाल्यातून नदीत मिसळणारे सांडपाणी हा वर्षानुवर्षांचा सलही आहे. पुराच्या वेळी नदीला दोष देणाऱ्या शहराने उन्हाळ्यात नदीला काय दिले, याची आठवण तो नाला करून देतो.

ऑगस्ट सरतो, पाणी उतरते. दुकानांच्या भिंतींवर चिखलाची एक आडवी रेघ राहते. काहीजण त्यावर रंग देतात. काही जुने व्यापारी मात्र ती रेघ तशीच ठेवून शेजारी साल लिहितात. पुढच्या पिढीने माल कोणत्या फळीवर ठेवायचा, हे त्या रेघेवरून ठरते. शहराने घरे कोठे बांधायची, हेही तिच्यावरूनच ठरले असते तर पावसाळ्यातील तो पहिला प्रश्न कदाचित इतक्या काळजीने विचारावा लागला नसता.