खाली बसलं म्हणजे गेलं का?

कंधारला आलेला प्रत्येक जण किल्ल्याचा खंदक बघतो. मला मात्र गावालगतचा जगत्तुंग सागर जास्त बोलका वाटतो. हे राष्ट्रकूटांच्या काळातलं तळं. इथल्या शिलालेखात त्याचं नाव 'जगत्तुंगसमुद्र' असं येतं. हजारेक वर्षं पावसाचं पाणी इथे येऊन थांबतंय. पाणी थांबलं की माती तळाशी बसते आणि वरचं पाणी निवळतं. पण ती माती कुठे जात नाही. कुणी गाळ उपसेपर्यंत तळ्याच्या पोटातच राहते.

ही साधी गोष्ट संगणकाला शिकवायला मात्र बराच काळ लागला.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात बेसाल्ट संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. किनवटकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. मर्यादा आहे लिटरला १.५ मिलिग्रॅम. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात गेलं की आधी दात डागाळतात, मग हाडं आखडतात. नागपूरच्या 'नीरी'ने १९७०च्या दशकात यावर 'नलगोंडा तंत्र' पुढे आणलं. नांदेड आणि नलगोंडा हे एकेकाळी निजामाच्याच राज्यातले दोन जिल्हे. तंत्र घरगुती वाटावं असं आहे: पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळायचं, मग तासभर स्थिर ठेवायचं. फ्लोराइड तुरटीच्या गुठळ्यांना धरून खाली बसतं, वरचं पाणी प्यायला घ्यायचं.

आणि तळाचा गाळ? तो उघड्यावर फेकला तर पावसात त्यातलं फ्लोराइड पुन्हा सुटू शकतं.

प्रदूषण जमिनीखालून कसं वाहतं हे मांडणारी मॉडेलं याच प्रश्नावर अडत होती. १९९०च्या 'एमटी३डी'सारख्या प्रोग्रॅममध्ये रसायनशास्त्र अगदी जुजबी होतं. एक स्थिरांक दिला की प्रदूषक ठरावीक दराने कमी होत जायचं. कुठे गेलं, हे कुणी विचारायचं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 'फ्रीक-सी' आणलं. हा प्रोग्रॅम पाण्यात किती विरघळलं आणि किती घट्ट होऊन बसलं, याचा हिशेब ठेवतो. बसलेलं त्याच कप्प्यात राहतं. मागून वेगळं पाणी आलं तर ते पुन्हा विरघळतं. गाळ बाहेर काढला असेल, तर तसं मॉडेलला सांगावं लागतं आणि तो साठा दर टप्प्याला शून्य करावा लागतो. आपण होऊन तो काहीच नाहीसं करत नाही.

मला यात हिशेबाचा प्रामाणिकपणा दिसतो. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तळ्यातला गाळ ट्रॅक्टरने शेतात जातो. सुपीक माती मिळाली तर शेतकऱ्याचं भलंच होतं. पण मातीसोबत आणखी काही बसलं असेल, तर तेही त्याच ट्रॅक्टरमधून शेतात जातं. म्हणून 'पाणी शुद्ध झालं' असं कुणी सांगितलं, की एवढंच विचारा: खाली बसलेलं कुणी उचललं, आणि कुठे नेऊन टाकलं?