अनुशेषाची मोजपट्टी : हट्टा परिसराच्या संदर्भात

सार्वजनिक धोरणाच्या पर्यायांतून निवड होते ती चर्चेच्या अखेरीस, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तुलनेचे एकक व प्रमाण ज्या वेळी ठरते, त्याच वेळी निर्णयाचा बराचसा भाग होऊन गेलेला असतो. मराठवाड्याच्या विकासाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने आणि पुढे १९५६ मध्ये अनुच्छेद ३७१ (२) ने प्रदेशांना निधीचे न्याय्य वाटप करण्याचे तत्त्व मान्य केले. परंतु न्याय्य म्हणजे किती, हे मोजावयाचे कसे? १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने त्याची रीत घालून दिली. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य इत्यादी नऊ क्षेत्रे घ्यावयाची. जिल्हा हे एकक व राज्याची सरासरी हे प्रमाण मानावयाचे. सरासरीहून जी तूट, तो अनुशेष. १९८४ च्या अहवालात तो एकूण ३,१८६.७८ कोटी रुपये ठरला. त्यापैकी मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. तक्रारीला आकड्याचे रूप मिळाले, ही या रीतीची मोठी कामगिरी होय.

तिची मर्यादा मात्र हट्ट्यासारख्या गावाकडून पाहिल्यास ध्यानात येते. वसमत तालुक्यातील हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. येलदरी व सिद्धेश्वर धरणांमुळे पूर्णा प्रकल्पाचे पाणी वसमतच्या बाजूस आले. उत्तरेकडील बरीचशी जमीन पावसावरच विसंबून राहिली. जिल्ह्याच्या सरासरीत एकाचा कालवा दुसऱ्याची कोरड झाकतो. शिवाय निर्माण झालेली सिंचनक्षमता मोजली, तरी कालव्याच्या शेवटच्या शेतात पाणी किती पोहोचले, हे त्यातून कळत नाही. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि सरासरीचे क्षेत्र बदलले; नदी व शिवार होते तेथेच राहिले.

मग तालुका हे एकक मानावे काय? तसे केल्यास विषमता अधिक स्पष्ट दिसेल. पण आकडेवारी गोळा करण्याचा भार वाढेल आणि तालुक्याच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रकल्पांची वाटणी करणे कठीण होईल. निर्दोष मोजपट्टी कोणतीच नाही. म्हणूनच पर्यायांचे मूल्यमापन करणाऱ्याने, आपली रीत काय दाखविते याबरोबरच ती कोणाला झाकते, हेही प्रथमच नोंदवावे. ती नोंद नसेल, तर झाकल्या गेलेल्यांची तूट निर्णय घेणाऱ्यांपुढे येतच नाही.