फलाटावरचे पाणी, चहा आणि सावली

परभणी स्थानकात सचखंड एक्स्प्रेस थांबली की प्रवासी ताटल्या, डबे, वाट्या घेऊन दाराशी येतात. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या या गाडीतल्या लोकांना वाटेत काही ठिकाणी लंगर मिळतो, त्यांत परभणीही आहे. पैसे नाहीत, पावती नाही. भांडे तेवढे आपले. रेल्वेने प्रवाशाच्या पोटाची आणि घशाची काळजी कितपत घ्यायची, हा प्रश्न या मार्गावर सव्वाशे वर्षांचा आहे. अनेकदा त्याचे उत्तर बाहेरच्या माणसांनीच दिले आहे.

मनमाड ते सिकंदराबाद ही सुमारे 390 मैलांची मीटरगेज लाइन 1900 च्या सुमारास झाली. निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीने ती चालवली. मराठवाड्याचा कापूस मनमाडमार्गे मुंबईला पोचवणे हा तिचा मोठा धंदा. त्यामुळे कुठे थांबायचे हे ठरवताना लोकवस्तीपेक्षा मार्गाची सोय पाहिली गेली. मानवत रोड हे स्थानक मानवत गावापासून दूर आहे. नावातला ‘रोड’ तेच सांगतो. पूर्णेहून हिंगोलीकडे 1912 मध्ये फाटा निघाला आणि पूर्णा रेल्वेचे गाव बनले.

त्या काळी प्रवाशाची पहिली गरज होती पाणी. देशभरातल्या स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ अशी वेगळी सोय असे. ज्यांना दोन्हीकडे जागा नव्हती त्यांचे काय होई, ते 1901 साली मसूर स्थानकावर उतरलेल्या एका मुलाने पुढे लिहून ठेवले आहे. तो भीमराव आंबेडकर. सातारा जिल्ह्यात वडिलांना भेटायला तो घरातल्या इतर मुलांसोबत निघाला होता; ही मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही स्वतः हाकायची. आणि रात्रभर पाणी मिळाले नाही. फलाटावरच्या नळाचा इतिहास लिहायचा तर तो या आठवणीशिवाय लिहिता येणार नाही.

चहा पाण्यामागून आला. चहाच्या मळेवाल्यांच्या संघटनांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थानके, गिरण्या, बाजार गाठून लोकांना चहाची गोडी लावली. आज फलाटाची ओळख वाटणारा चहावाला त्या जाहिरातबाजीचा वारस आहे.

1930 मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. दोनच वर्षांनी, 1932 मध्ये, त्याच रेल्वे खात्याने 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. स्थानक आणि गाव यांच्यातले अंतर ही प्रवाशाचीच अडचण आहे, हे रेल्वेने ओळखल्याचे मला यात दिसते. आज स्थानकाच्या सुधारणेत फलाट, छत, रंग यांची चर्चा होते. बाहेर रिक्षा कुठे उभी राहणार, हा प्रश्न मागे पडतो.

हैदराबाद मुक्त झाले, 1951 मध्ये ही लाइन मध्य रेल्वेत आणि 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेली. तिसरा वर्ग 1974 मध्ये संपला, पण दुसऱ्या वर्गाचा लाकडी बाक राहिला. त्यावर फोमची गादी आली ती 1977 नंतर, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर. साध्या प्रवाशाला एवढा मोठा दिलासा देणारा निर्णय विरळाच.

मराठवाड्याची खरी लढाई मात्र रुळांच्या रुंदीची होती. मनमाडला गाडी बदलायची, सामान डोक्यावर घेऊन मीटरगेजचा डबा गाठायचा, ही वणवण ब्रॉडगेजच्या मागणीमागे होती. ती पूर्ण होत गेली शतकाच्या अखेरच्या दशकात. लांब पल्ल्याच्या, लांबलचक गाड्या आल्या तसे फलाटही अपुरे पडू लागले. परळीची लाइन परभणीलाच मिळत असल्याने इथे वैद्यनाथाचे भाविक, कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी, दर्ग्याच्या उरुसाचे यात्रेकरू, पुण्या-मुंबईला कामाला जाणारी कुटुंबे अशी सगळी गर्दी एकाच पुलावरून चढते-उतरते.

आता अमृत भारत योजनेत परभणीसह पूर्णा, सेलू, गंगाखेड आणि मानवत रोड ही जिल्ह्यातली स्थानके आहेत. देशातल्या पहिल्या 508 स्थानकांची पायाभरणी 6 ऑगस्ट 2023 रोजी झाली. त्याच वर्षी जनरल डब्यांसमोर 20 रुपयांत सात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी देण्याची सोय काही स्थानकांवर सुरू झाली. 2017 च्या खानपान धोरणाने छोट्या स्टॉलमध्ये महिलांसाठी 33 टक्के वाटा ठेवला आहे. ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेने 2022 पासून स्थानिक कारागिरांना फलाटावर जागा दिली.

योजनांमध्ये हे सगळे आहे. म्हणून परभणीकरांनी एवढे मागावे: नव्या इमारतीत दुकानांचे भाडे इतके चढू देऊ नका, की जुना चहावाला बाहेर पडेल. उन्हाळ्यात जनरल डबा जिथे थांबतो, तिथे छत आणि थंड पाण्याचा नळ आधी द्या. काचेची दर्शनी भिंत नंतर उभारा.