नाव कोणत्या वहीत?

चीनच्या प्रगतीबद्दल बोलायचं म्हटलं, की आपण थेट देंग शियाओपिंगपासून सुरुवात करतो. कारखाने, बंदरं, वेगवान रेल्वे. आज आपण थोडं मागं जाऊ, १९५३ पर्यंत, आणि सुरुवात करू एका तत्त्वज्ञापासून.

ल्यांग शुमिंग हे त्यांचं नाव. जन्म १८९३ चा, म्हणजे माओंचे समवयस्क. विद्यापीठाची पदवी नसतानाही १९१७ मध्ये पेकिंग विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावलं, आणि विषय कोणता, तर भारतीय तत्त्वज्ञान! आम्ही स्वतः तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे या गृहस्थांबद्दल आम्हाला जरा जास्तच आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तिशीच्या दशकात त्यांनी शांतुंग प्रांतातल्या झौपिंग इथे ग्रामपुनर्रचनेचं काम केलं. खेडं त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

सप्टेंबर १९५३ मध्ये बीजिंगच्या एका बैठकीत ते म्हणाले, की कामगार नवव्या स्वर्गात पोचलेत आणि शेतकरी नवव्या पाताळात राहिलेत, असं लोक बोलतात. माओ संतापले. ल्यांगनी उत्तर द्यायला वेळ मागितला. ऐकून घेण्याचा मोठेपणा माओंकडे आहे का, असंही विचारलं. सभेने आरडाओरडा करून त्यांना बोलू दिलं नाही.

आता बघा, पुढे काय झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस धान्याची खरेदी-विक्री सरकारने आपल्या हातात घेतली. शेतकऱ्याकडून धान्य स्वस्तात घ्यायचं, शहरातल्या कामगाराला स्वस्तात पुरवायचं, आणि कारखान्याचा माल मात्र शेतकऱ्याला महाग विकायचा. उद्योग उभे करायला भांडवल हवं होतं, ते असं खेड्यातून काढलं गेलं. पण अशा परिस्थितीत शेतकरी खेड्यात थांबेल कशाला? तो शहराकडे निघणारच. त्याला थांबवायला ९ जानेवारी १९५८ ला कायदा आला. घरटी नोंदणीचा, 'हुकौ'चा.

प्रत्येक कुटुंबाची एक वही. तिच्यात नाव, गाव आणि एक शिक्का: शेतकी किंवा बिगरशेतकी. खेड्यातून शहरात जायचं तर शहराच्या कामगार खात्याचा नोकरीचा दाखला, शाळाप्रवेशाचा कागद, नाहीतर शहराची परवानगी लागे. चारच वर्षांपूर्वी, १९५४ च्या राज्यघटनेत, राहण्याची जागा बदलण्याचं स्वातंत्र्य दिलेलं होतं. १९७५ च्या घटनेत ते कलमच गळलं. धान्याची कुपनं बिगरशेतकी वहीवाल्यांनाच, त्यामुळे चोरून शहरात गेलात तरी खाणार काय?

या वहीचा खरा अर्थ १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कळला. किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. शहरातही उपासमार होती, पण मेले ते बहुतांशी शेतकरी. धान्य पिकवणारेच.

आणखी एक गंमत, गंमत कसली म्हणा. वंश बापाकडून मोजणाऱ्या या समाजात मुलाची वही मात्र आईकडून येई. शहरात नोकरी मिळालेला पुरुष, बायको गावची, तर मुलं शेतकीच. हा नियम १९९८ पर्यंत चालला.

१९७८ मध्ये आनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप कागदावर अंगठे उठवून जमीन घरागणिक वाटून घेतली. ही गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे, तिच्यात शिरत नाही. परिणाम महत्त्वाचा. पीक वाढलं, शेतावरचे हात मोकळे झाले, आणि १९८० मध्ये शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्र उघडलं. शेन्झेन तेव्हा तीनेक लाखांचा मुलूख. २०२० च्या जनगणनेत १ कोटी ७५ लाखांवर. माणसं आली, पण वह्या गावातच राहिल्या. या लोकांसाठी शब्द तयार झाला 'नोंगमिन-गोंग', म्हणजे शेतकरी-कामगार. वीस वर्षं यंत्रावर उभा असलेला माणूससुद्धा कागदावर शेतकरी! आपला मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात जातो, तसे हे वसंतोत्सवाला गावी जातात. फरक इतकाच, की चाकरमान्याचं पोर मुंबईच्या शाळेत शिकलं आणि त्याची मॅट्रिकची परीक्षा तिथेच झाली. चीनमधल्या कामगाराच्या मुलाला विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा बहुधा वही असलेल्या प्रांतात जाऊनच द्यावी लागते. म्हणून मुलं आजी-आजोबांकडे गावी राहतात. अशा मागे राहिलेल्या मुलांचा २०१३ मधला अंदाज सहा कोटींच्या वर होता.

मार्च २००३ मध्ये सुन झिगांग हा २७ वर्षांचा तरुण ग्वांगझौमध्ये पोलिसांनी पकडला. अपराध काय? तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नव्हता. पदवीधर होता, नोकरी होती. तीन दिवसांत कोठडीतल्या मारहाणीने तो मेला. एका दैनिकाने बातमी छापली, कायद्याच्या अभ्यासकांनी लेखी जाब विचारला, आणि जूनमध्ये सरकारने पकडून गावी धाडण्याची ती पद्धतच रद्द केली. आम्हाला हा प्रसंग फार मोठा वाटतो. शेतकी-बिगरशेतकी शिक्का काढायचा निर्णय २०१४ मध्ये झाला, तरी कोणत्या शहराची वही हा प्रश्न उरलाच. २०२० च्या जनगणनेत ६३.८९ टक्के लोक शहरांत राहत होते, शहरी वही मात्र सुमारे ४५ टक्क्यांकडेच होती.

हुकौची बाजू घेणारेही आहेत, त्यांचंही ऐकायला हवं. ते म्हणतात, यामुळे चीनच्या शहरांत अफाट झोपडपट्ट्या झाल्या नाहीत; आणि २००८ च्या मंदीत दोनेक कोटी कामगारांची कामं गेली तेव्हा परतायला गावची जमीन होती. यात तथ्य आहे. पण हिशेब नीट मांडा. मंदीचा भार पेलला कुणी? गावाने. मुलं वाढवली गावाने, म्हातारे सांभाळले गावाने. शहराने तरुण हात तेवढे घेतले.

ते हात आता तरुण राहिले नाहीत. या कामगारांचं सरासरी वय २०२० मध्येच ४१ च्या पुढे गेलं होतं. एकच मूल या धोरणाचे दिवस २०१५ मध्ये संपले, २०२१ मध्ये तिसऱ्या मुलाला मुभा मिळाली, तरी २०२२ मध्ये लोकसंख्या साडेआठ लाखांनी घटली. मूल वाढवायचं कुठे, शहरात की गावात, हेच ज्या जोडप्याला ठरवता येत नाही, त्याला मुभेचा उपयोग किती?

ऐंशीच्या दशकात शेन्झेनला गेलेली पिढी आता साठी ओलांडून गावी परतते आहे. गावच्या वहीवर मिळणारं मूळ निवृत्तिवेतन २००९ मध्ये महिना ५५ युआनपासून सुरू झालं. २०२४ मध्ये ते वाढवून किमान १२३ युआन केलं. शहरी नोकरीतून निवृत्त झालेल्याला महिन्याला काही हजार युआन मिळतात. दोघांनी कदाचित एकाच कारखान्यात काम केलेलं असेल.