कोयता : अवजार की हत्यार?

वैशाखरे परिसरात भाताच्या राबासाठी फांद्या तोडायच्या तर कोयता हवाच. मग कमरेला कोयता अडकवून रानात निघालेला शेतकरी सशस्त्र म्हणावा काय?

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने प्रजेच्या हातातील शस्त्रांवर करडी नजर ठेवली. १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत तलवार-खंजिराबरोबर धनुष्यबाणही आले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या. १९६२ च्या नियमांनी पात्याला नऊ इंच लांबी व दोन इंच रुंदीची मर्यादा घातली. तेथेही घरकामाची व शेतीची अवजारे वगळली.

तथापि, १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या (आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा) कलम ३७ खाली बंदी-आदेश निघाला, की चाकूच काय, काठी बाळगणेही गुन्हा ठरू शकते. २०२३ च्या सुमारास पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द गाजला आणि कष्टकऱ्याचे अवजार दहशतीचे नाव बनले.

पालकहो, मुलाच्या हाती अवजार देताना त्याची जागा आणि वेळही शिकवा. गुन्हा कोयत्यावर नव्हे, मुलाच्या नावावर नोंदला जातो. आणि त्याचे शिक्षण तेथेच खुंटू शकते.