हाकेला ओ देणारे यंत्र

1902 सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. कलकत्त्याच्या एका हॉटेलात फ्रेड गैसबर्ग नावाचा एक साहेब ध्वनिमुद्रणाचे सामान मांडून बसला होता. ग्रामोफोन कंपनीने त्याला लंडनहून मुद्दाम धाडले होते. समोर भला मोठा कर्णा, आणि कर्ण्यासमोर त्या काळची प्रख्यात गायिका गौहरजान. तबकडीवर जागा जेमतेम तीन मिनिटांची. गाणे संपता संपता बाईंनी आपले नाव इंग्रजीत खणखणीत उच्चारले. तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. कोणती तबकडी कुणाची, हे तिथल्या कारागिरांना कळायला नको का? माणसाने यंत्राला आपले नाव सांगायचे, असा तो जमाना होता.

आज दिवाणखान्यातल्या फळीवर नारळाएवढा एक ध्वनिक्षेपक बसलेला असतो. आता नाव आपण त्याचे घेतो. ‘गाणे लाव’ म्हटले की गाणे लागते, ‘कोडे घाल’ म्हटले की कोडे घालतो. सव्वाशे वर्षांत हा उलटा प्रवास कसा झाला, तेच आज थोडक्यात पाहायचे आहे.

बोलक्या यंत्राने घरात शिरण्यासाठी पहिल्यापासून खेळण्याची वाट धरली. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ शोधला आणि 1890 साली त्याच्या कारखान्याने बोलणारी बाहुली बाजारात आणली. पोटात चिमुकला फोनोग्राफ. पाठीमागची दांडी फिरवली की ती बालगीत म्हणे. पण यंत्र नाजूक, आवाज चिरका. काही आठवड्यांतच विक्री आवरती घ्यावी लागली. ही बाहुली बोलत होती, ऐकत मात्र नव्हती.

ऐकणारे खेळणे आले 1922 च्या सुमारास, अमेरिकेत. त्याचे नाव ‘रेडिओ रेक्स’. लाकडी घरकुलात सेल्युलॉइडचा एक कुत्रा, मागे दाबून ठेवलेली स्प्रिंग, आणि तिला धरून ठेवणारे विद्युत्चुंबक. ‘रेक्स’ अशी हाक मारली की ‘रे’मधल्या स्वराची कंपने विजेचे मंडल तोडीत, चुंबकाची पकड सुटे आणि कुत्रा टुणकन बाहेर उडी घेई! त्याला शब्द कळत नव्हता, कळत होती ती सेकंदाला सुमारे पाचशे कंपने. तसलाच दुसरा आवाज काढला तरी तो बाहेर येई. पण हाकेला ओ देणारे घरगुती यंत्र म्हणाल, तर त्याचा मूळपुरुष हाच.

इकडे आपल्या घरांत संगीत आले ते आधी तबकडीने आणि मग नभोवाणीने. 23 जुलै 1927 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. पुढे 3 ऑक्टोबर 1957 पासून विविध भारती आली. रेडिओचा संच घरात एकच. तो कुठे ठेवायचा, कुणी लावायचा, किती मोठ्याने लावायचा, यावरून थोरामोठ्यांत रुसवेफुगवे चालत. श्रोत्याला बोलायचे असले, तर त्याच्या हाती होते पोस्टकार्ड. ‘आपली आवड’ला पत्र टाकायचे आणि निवेदकाने आपले नाव घेईपर्यंत कान देऊन बसायचे! बिहारातले (आता झारखंडातले) झुमरीतलैया हे गाव तर फर्माईशीच्या पत्रांनीच देशभर गाजले.

याच काळात प्रयोगशाळांतून यंत्राचे कान तयार होत होते. 1952 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या ‘ऑड्री’ला शून्य ते नऊ हे आकडे ओळखता येऊ लागले, तेही ओळखीच्या माणसाने सावकाश उच्चारले तर. 1962 साली आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ने सोळा शब्दांपर्यंत मजल मारली. 1976 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातली ‘हार्पी’ हजारावर शब्द ओळखू लागली. या विद्यापीठातल्या वाणी-संशोधनाचे एक धुरीण होते आंध्रात जन्मलेले राज रेड्डी. 1994 साली त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. आणि 2010 नंतर, अफाट उदाहरणे पाहून शिकणारी गणिती जाळी हाती आली, तेव्हा कुठे रोजचे भरभर बोलणे यंत्राच्या आवाक्यात आले.

अॅमेझॉनचा ‘इको’ 2014 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत निघाला. 2017 च्या अखेरीस तो भारतात आला, आणि 2018 साली गूगलचा ‘होम’ही आला. इकोला सात मायक्रोफोन होते. आवाज कोणत्या दिशेने आला, हे ते ताडीत. हाकेचा शब्द यंत्र स्वतःच ओळखते. पुढचे वाक्य मात्र बहुधा इंटरनेटवरून दूरच्या संगणकांकडे जाते आणि तिथून उत्तर येते. ‘अलेक्सा’ हे नाव निवडताना त्यातल्या ठसठशीत ‘क्स’चा विचार झाला होता. रेक्स आणि अलेक्सा, दोघांच्या नावांत तोच ‘क्स’ यावा, ही गंमतच!

सोय मोठी आहे, यात शंका नाही. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात कापतात, अशा वृद्धांना नुसत्या शब्दाने गाणे लावता येते. आकाशवाणीही त्यावर ऐकता येते. पडदा नसल्यामुळे चार माणसे एकत्र बसून प्रश्नमंजूषा खेळू शकतात. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

पहिली गोष्ट आवाजाची. गौहरजानने आपला आवाज जाणूनबुजून दिला, आणि त्याचे दामही घेतले. खेळता खेळता बोलणाऱ्या पोराला, आपला आवाज कुठे साठतो, याची कल्पना नसते. मुलांच्या आवाजाची मुद्रणे वाजवीपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या आरोपावरून 2023 साली अमेरिकेत अॅमेझॉनने अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य केला. आपल्याकडे त्याच वर्षी झालेल्या कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. अलेक्सा इथे आली ती इंग्रजी घेऊन. हिंदी शिकली 2019 साली. गूगलच्या सहायकाला फोनवर मराठी 2018 साली आली. पण पुस्तकी मराठी वेगळी आणि मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी वेगळी. आजीचे बोलणे यंत्राला कळले नाही आणि नातवाचे इंग्रजी कळले, तर घरात फर्माईश कुणाची चालेल, हे सांगायला नको. रेडिओच्या संचावरून भांडण होई खरे. पण ते घरातल्या माणसांचे, घरातल्याच भाषेत होई.

या ध्वनिक्षेपकांवर मायक्रोफोन बंद करण्याची एक कळ असते. घरात नवे यंत्र आले, की गाणे लावायला शिकण्याआधी ती कळ कुठे आहे, ते आजीला आणि नातवाला, दोघांनाही दाखवून ठेवावे.